सर्व्हर येईपर्यंत

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते रंजनाताई साळवे यांचे. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, नाहीतर पुढे गोष्टी सांगायच्या नादात राहून जायचं. तिसगावच्या स्टँडसमोर, खताच्या दुकानाला लागून ताईंचं ई-सेवा केंद्र आहे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, सातबारा, पीकविमा, आधारला मोबाईल जोडणे, फोटो, लॅमिनेशन. मी आज पुण्यात मोबाईलवरचे गेम बनवतो. कुठे शिकलात असं कुणी विचारलं की मी पाथर्डीच्या कॉलेजचं सांगतो, कारण ते एका दमात सांगता येतं. खरं उत्तर लांब आहे. मी ताईंच्या दोन नंबरच्या कॉम्प्युटरवर शिकलो, आणि तेही फक्त सर्व्हर बंद असताना.

ज्यांना दाखल्यासाठी कधी उभं राहावं लागलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. सरकारी वेबसाईट दिवसातून केव्हाही आजारी पडते. पडद्यावर एक गोल फिरत राहतो. मग केंद्रातून आवाज येतो, "सर्व्हर गेला!" लोक घरी जात नाहीत, कारण परत यायला जीपचं भाडं पडतं आणि तोवर सर्व्हर येऊन गेलेला असतो. सगळे तिथेच बाकावर, पायरीवर, खताच्या पोत्यांवर टेकतात. केंद्राचे दोन्ही कॉम्प्युटर रिकामे. तेवढा वेळ माझा.

मी बी.एस्सी. कॉम्प्युटर केलं. घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. कॉलेजात मुलं जास्त आणि कॉम्प्युटर कमी, म्हणून बरेचसे प्रोग्रॅम आम्ही पेनाने कागदावर लिहिले. कागदावरच्या प्रोग्रॅमचं एक सुख असतं, तो कधीच बंद पडत नाही. माझे सगळे प्रोग्रॅम चालायचे. मार्कही चांगले पडले. डिग्री हातात आल्यावर लक्षात आलं की आपण पोहायला शिकलोय, पण पाण्यात अजून उतरलेलो नाही.

वडील, म्हणजे आमचे दादा, तिसगाव ते पाथर्डी जीप चालवायचे. त्यांचा डावा गुडघा कामातून चालला होता. डावा पाय म्हणजे क्लचचा पाय. दिवसभर गाडी थांबवायची, माणूस घ्यायचा, परत उचलायची. संध्याकाळी ते उंबऱ्यावर बसून पायाला तेल चोळत. गाडी मला येत होती, लायसन होतं. मी म्हणालो, दादा, मला गेम बनवायला शिकायचंय, पुण्यात त्याच्या नोकऱ्या असतात. त्यांनी बराच वेळ तेल चोळलं.

"खेळ बनवायचा पगार देत्यात?"

"देतात."

"मढीच्या यात्रेपतुर शीक," ते म्हणाले. "तवर माझा गुडघा वढतोय. न्हाई जमलं तर यात्रेपासनं क्लच तुझा."

मढीची यात्रा होळीपासून पाडव्यापर्यंत चालते. जीपवाल्यांचा वर्षातला खरा हंगाम तो. दादांचं म्हणणं रास्त होतं. त्यांचा गुडघा आणि माझी हौस यांपैकी आधी कोण थकतं, एवढाच प्रश्न होता.

घरी कॉम्प्युटर नव्हता. मी ताईंकडे अर्ज भरायचं काम धरलं, आणि पहिल्याच आठवड्यात चाचरत विचारलं. ताईंनी मान वर न करता सांगितलं, "सर्व्हर असला की लोकांचं काम. सर्व्हर गेला की तुझं. आणि स्पेसबारवर चहा सांडलेला आहे, जोरात दाब."

गेम कसा चालतो हे इथे थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. कॉम्प्युटरला जीप कळत नाही, रस्ता कळत नाही, अपघात तर अजिबात कळत नाही. तो फक्त तीन गोष्टी करत बसतो. कुठलं बटण दाबलंय ते बघतो, त्याप्रमाणे कोण कुठे सरकलं याचा हिशोब करतो, आणि नवं चित्र काढतो. पापणी लवेपर्यंत हे सगळं कितीतरी वेळा होतं, म्हणून आपल्याला वाटतं गाडी पळतेय. खरं तर पहिल्या गेममध्ये माझी जीप पडद्याच्या मध्यावर जागीच उभी होती आणि रस्ता, बाभळी, मैलाचे दगड मागे सरकत होते. हे मी घरी मोठ्या उत्साहाने सांगितलं.

"म्हंजी गाडी चालतच न्हाई?" दादा म्हणाले. "रस्ताच मागं जातो?"

"हो."

"मग डिझेल कशाला टाकतो मी?"

आई पदर तोंडाला लावून हसली. मी त्यानंतर घरात तंत्रज्ञानावर बोलणं बंद केलं.

जीपचाच गेम करायचा हे ठरवावं लागलं नाही. दुसरं काही मला माहीतच नव्हतं. पडद्यावर रस्ता, कडेला हात करणारी माणसं, बटण दाबलं की जीप थांबते, माणूस चढतो, पुढे उतरतो. मध्येच शेळी आडवी येते. शेवटी करंजीचा घाट. आमची जीप प्रत्यक्षात घाटात जात नव्हती, पण गेममध्ये आपल्याला कोण विचारतंय.

सुरुवातीच्या चुका सगळ्यांच्या सारख्याच असतात. माझी जीप चढावर गेली की खाली यायला विसरायची आणि ढगात निघून जायची, कारण वजन म्हणजे काय हे मी तिला सांगितलं नव्हतं. शेळीच्या आरपार जायची, कारण धडक म्हणजे काय हेही सांगितलं नव्हतं. शिकवणाऱ्या व्हिडिओंमधले लोक इंग्रजीत भरभर बोलायचे आणि नेमके महत्त्वाच्या वाक्याला आमचं नेट अडकायचं. पण मला एक गोष्ट मिळाली होती, जी त्या व्हिडिओवाल्यांकडेही नसावी. ती म्हणजे पाठीमागे बसलेली माणसं.

सर्व्हर गेला की माझ्या मागे सात-आठ जण रिकामे. मी काही बोलवत नव्हतो, तेच येऊन उभे राहत. पहिल्यांदा निराधार पेन्शनच्या कामाला आलेल्या एक आजी खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या. मी त्यांना शेळी दाखवली. जीप शेळीला धडकली, पडद्यावर "खेळ संपला" आलं.

"शेळी कुनाची हुती?" आजींनी विचारलं.

"कुणाची नाही आजी. नुसती शेळी."

"आसं कसं? शेळी मारली आन गेला निघून? मालक आला पायजे. भांडान झालं पायजे."

त्यांचं बरोबर होतं. आमच्याकडे शेळीला धक्का लागला तर खेळ संपत नाही, तिथून पुढे सुरू होतो. मी मालक घातला. धडक झाली की तो शेतातून काठी घेऊन पळत येतो आणि तुमचे पॅसेंजर उतरून त्याच्या बाजूने बोलायला लागतात. वेळ जातो, मागची जीप पुढे जाते. आजींना पुढच्या खेपेला दाखवलं तर त्यांनी मालकाला आणखी शिव्या सुचवल्या. त्या घेता आल्या नाहीत.

खरी अडचण झाली ती गाडी भरण्याची.

मी जीपमध्ये नऊ जागा ठेवल्या होत्या. प्रोग्रॅममध्ये आधी सांगावं लागतं, या नऊ खणांत माणसं ठेवायची आहेत. मी रीतसर नऊ खण केले. नऊ माणसं बसली की पडद्यावर "गाडी भरली" अशी पाटी यायची आणि पुढच्या हात करणाऱ्याला सोडून जायचं, असा माझा नियम. पण कुणीच सोडून जायला तयार नव्हतं. दहावा माणूस दिसला की जो तो बटण दाबायचा. एकदा, दोनदा, मग दाबतच राहायचा. दहावा खण नाही, त्यामुळे प्रोग्रॅम बंद पडायचा आणि सगळा पडदा काळा.

पीकविम्याला आलेला एक तरुण शेतकरी, खंडू, जवळच्याच वस्तीवरचा. त्याने तीनदा बंद पाडला.

"खंडूभाऊ, गाडी भरली. पाटी आली ना?"

"भरली म्हंजी?"

"नऊ झाले."

"आरं नऊ म्हंजी आजून मागचं फाळकं मोकळंच हाय. दोघं उभं ऱ्हात्यात. टपावर कोन बसायचं?"

"गेममध्ये नऊच."

"मग ह्यो गेम पुन्याचा हाय," खंडू म्हणाला आणि उठला.

मी दोन दिवस घुश्शात होतो. मी प्रोग्रॅमर, नियम मी करणार, यांना पाटी वाचता येत नाही का, असं माझं चाललं होतं. ताई एका म्हाताऱ्या बाबांचे ठसे आधारच्या मशीनवर घेत होत्या. कष्टाच्या हातांचे ठसे लवकर उमटत नाहीत. त्या बाबांची बोटं पुन्हा पुन्हा पुसून ठेवत होत्या. तसंच करत म्हणाल्या, "दत्ता, एखादा चुकला तर तो चुकला. इथे सगळे एकाच ठिकाणी चुकतायत. मग ते चुकत नाहीयेत. ते तुला काहीतरी सांगतायत."

मी नऊ खण काढून टाकले. पाटी काढून टाकली. कितीही माणसं घ्या, गाडी नाही म्हणणार नाही. पण प्रत्येक माणसाबरोबर ती जड होईल, ब्रेक उशिरा लागेल, वळणावर झोकांडी खाईल. किती घ्यायचे ते तुमचं तुम्ही ठरवा. मागे लटकणारे घातले, टपावरचे घातले, ड्रायव्हरच्या उजव्या हाताला, म्हणजे जवळजवळ दाराबाहेर, एक माणूस बसवला, जसा आमच्याकडे बसतो. बाकी रस्ता तोच, शेळी तीच.

त्या दिवसापासून माझ्या खुर्चीमागे आवाज व्हायला लागला. "आरं घे की त्या म्हातारीला!" "नगं नगं, पुढं घाट हाय!" "घेतली! आता बघ कशी पल्टी हुती!" गाडी पलटी झाली की खेळणारा सोडून सगळे खूश. आधी हा गेम कुणी पाच मिनिटं खेळत नव्हतं. फरक एवढाच होता की आधी निर्णय माझी पाटी घेत होती, आता तो खेळणाऱ्याचा होता. पुढे मोठ्या शहरातल्या मोठ्या लोकांची या विषयावरची व्याख्यानं मी ऐकली. त्यांत याहून जास्त काही मला सापडलं नाही.

यात्रा जवळ आली होती. दादा आता जीपमधून उतरताना दाराला धरून उतरायला लागले होते. मी पुण्यातल्या कंपन्यांना गेम पाठवत होतो आणि उत्तर कुठूनच येत नव्हतं. अशात एके दुपारी सर्व्हर गेला. एक शिक्षक मुलीच्या ॲडमिशनसाठी दाखला काढायला आले होते. आदल्या दोन वेळा हात हलवत परत गेलेले. वैतागून दोन नंबरच्या खुर्चीत बसले आणि खेळायला लागले. थोड्या वेळाने ताई ओरडल्या, "सर्व्हर आला!" सगळी रांग उठली. शिक्षक उठले नाहीत.

"गुरुजी, तुमचा नंबर," ताई म्हणाल्या.

"एक मिनिट. घाट उतरू द्या."

"अहो, सर्व्हर जाईल!"

"जाऊ द्या हो! चौदा माणसं आहेत गाडीत!"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. "दत्ता," त्या म्हणाल्या, "झाला तुझा गेम." गुरुजींचा घाट उतरेपर्यंत सर्व्हर खरोखरच गेला. तो संध्याकाळी परत आल्यावर ताईंनी त्यांचाच अर्ज पहिला घेतला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पुण्याहून बोलावणं आलं. टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर लहानशी कंपनी. मुलाखत घेणाऱ्या मॅडमच्या हातात माझा गेम होता आणि समोर चुकांची यादी. त्यांनी शांतपणे विचारलं, "ड्रायव्हरच्या उजव्या बाजूला एक माणूस आलाय. जागा चुकलीय ना?"

"नाही मॅडम. तो तिथेच बसतो."

"मग ड्रायव्हर कुठे बसतो?"

"उरलेल्या जागेत."

त्यांनी यादीवर एक काट मारली. "आणि गाडी भरल्यावर थांबायची कशी? मला सापडलं नाही."

"मॅडम, भरत नाही."

त्या हसल्या नाहीत. गेम परत सुरू केला, हात करणाऱ्या प्रत्येकाला घेत गेल्या, घाटात पलटी झाल्या, पुन्हा सुरू केला. तिसऱ्यांदा पलटी झाल्यावर म्हणाल्या, "सोमवारी सांगते." सोमवारी त्यांनी सांगितलं. यात्रा संपल्यावर हजर व्हायचं होतं.

नोकरीतल्या वर्षांचा पाढा इथे वाचत नाही. एकच गंमत सांगतो. एकदा आमच्या शेतीच्या गेममध्ये दुरुस्ती करताना माझ्या हातून वजनाचं चिन्ह उलटं, म्हणजे अधिकच्या जागी उणे, पडलं आणि गेम लोकांच्या फोनवर गेला. सगळ्या गायी हळूहळू आभाळात जायला लागल्या. मी घामाघूम होऊन दुरुस्ती तयार केली, तर वरून निरोप आला, थांब, लोकांना आवडतंय. आठवडाभर गायी आभाळात होत्या. एका माणसाने तक्रार लिहिली, ती मी अजून जपून ठेवलीय. गाय वर गेली याला त्याची हरकत नव्हती. दूध खाली कसं येणार, एवढंच त्याला विचारायचं होतं.

एक सल आहे, तोही सांगतो. आज माझ्या कामाचा बराच भाग लोकांना थांबवण्याचा असतो. पुढची फेरी हवी तर अमुक वेळ थांबा, नाहीतर ही जाहिरात बघा. थांबलेल्या माणसांना चार घटका बरं वाटावं म्हणून मी हे शिकलो होतो. आता मीच सर्व्हर पाडून बसतो. मीटिंगमध्ये मी याविरुद्ध बोलतो, कधी ऐकतात, बऱ्याचदा नाही.

गावाकडची मुलं फोन करतात, सुरुवात कशी करू विचारतात. मी सांगतो, लहान गेम कर आणि पुरा कर. मग जिथे माणसं ताटकळत बसलीयत तिथे जा. दवाखाना, रेशनचं दुकान, आरटीओ. त्यांच्या हातात फोन दे आणि तोंड बंद ठेव. समजावून सांगायला लागलास की समज गेम अजून झालेला नाही. मित्र खोटं कौतुक करतात. दाखल्याला आलेला माणूस करत नाही.

दादांनी माझा गेम आजवर खेळलेला नाही. "दिसभर त्येच करतो की," असं तेव्हा म्हणायचे. आता जीप नाही, तरी खेळत नाहीत.

नोकरी लागल्यावर ताई म्हणाल्या होत्या, "फोन करू नको, केंद्रात दोन शब्द धड बोलता येत नाहीत. लिहून पाठव." मी हा लेख लिहितोय म्हटल्यावर त्यांनी तेव्हाच्या पत्राचा फोटो पाठवला. तसाच उतरवतो.

आदरणीय रंजनाताई,

सप्रेम नमस्कार. सुखरूप पोचलो. खोलीवर आम्ही चौघे आहोत, कोपरगावचा एक मुलगा बरा स्वयंपाक करतो.

निघायच्या दिवशीचं तुम्हाला सांगायचं राहिलं. यात्राभर मी गाडीवर होतो हे तुम्ही पाहिलंतच. क्लच मी, माणसं गोळा करायला दादा. त्यामुळे नोकरीचं पक्कं झालंय हे माहीत असूनही आमच्यात त्यावर एक शब्द झाला नाही. मला धास्ती होती की ते म्हणतील, आता गाडीवर बसलायस तर बसून राहा. आणि तसं म्हणाले असते तर मी राहिलो असतो. त्यांचा पाय मी जवळून बघत होतो.

तिसगावात पुण्याच्या एसटीला जागा मिळत नाही, म्हणून उलटा पाथर्डीला निघालो. दादा म्हणाले, मी सोडतो, आणि स्वतः चालवायला बसले. मी पुढे बसायला गेलो तर तिथे एका बाईंना बसवलं आणि मला म्हणाले, मागं सरक. मी मागे फाळक्याजवळ बसलो. रस्त्यात नेहमीसारखं थांबत, माणसं घेत गेले.

पाथर्डीत सगळे उतरले. मी बॅग खाली ठेवून पाया पडलो. त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं वाटखर्चीला काही देतायत. हात रिकामा होता.

"भाडं," म्हणाले.

ताई, मी आमच्या जीपचं भाडं जन्मात कधी दिलेलं नाही. मी हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, "गाडीचा मानूस भाडं देत न्हाई. पॅशिंजर देतो. क्लचला मी मानूस बघितलाय, उद्यापासनं येतोय. तू तुझ्या कामाला लाग."

मी नोट दिली. त्यांनी सुट्टे परत केले आणि पुण्याची गाडी कुठे लागते ते हात करून दाखवलं, मी पाथर्डीत पहिल्यांदाच आल्यासारखं.

एसटीत बसल्यावर सुट्टे मोजले. ओळखीच्या माणसाकडून ते नेहमी थोडं कमी घेतात. माझ्याकडून पुरतं घेतलं होतं.

सोमवारपासून कामावर आहे. काम जमतंय.

तुमचा,
दत्ता